तुडूमाचे पाय

नख रुतलं, एवढीच बातमी होती. चैत्र संपत आला होता, तलावाचं पाणी बरंच खाली गेलं होतं, आणि तुडूमाची खालची खुंटी बघायला पाण्यात उतरलेल्या म्हाताऱ्याच्या अंगठ्याचं नख लाकडात अर्धं आत गेलं. तो वर आला, ओल्या अंगानंच आमच्या घरापर्यंत आला आणि ओसरीखाली उभा राहून बाबांना म्हणाला, "तुडूम नरम झालं भाऊ. नख जाते."

बाबा सुपारी कातरत होते. अडकित्ता तसाच उघडा राहिला. मी आत पेपर तपासत बसले होते. मला त्या वाक्यात भिण्यासारखं काय आहे ते कळलं नाही, पण बाबांचा चेहरा पाहिला आणि लाल पेन खाली ठेवलं.

आमच्या तलावाची पाळ मातीची. त्या पाळीच्या पोटातून आरपार, आतून पोकळ केलेलं एक जांभळाचं खोड घातलेलं होतं. तलावाच्या बाजूला त्याच्या तोंडावर दुसरं खोड उभं. त्या उभ्या खोडाला एकाखाली एक भोकं आणि प्रत्येक भोकात लाकडाची खुंटी. धानाला पाणी हवं झालं की बुडी मारून खुंटी उपसायची. पाणी उभ्या खोडात शिरायचं, आडव्या खोडातून पाळीखालून जायचं आणि पलीकडे पाटात पडायचं. या सगळ्याला मिळून तुडूम म्हणतात. आसपासच्या गावांतली तुडुमं दगडाची होती, आमचंच तेवढं लाकडाचं. ते कोणी बसवलं हे बाबांच्या आजोबांनाही सांगता येत नव्हतं.

ते आडवं खोड फुटलं तर पाणी नळीतून न जाता पाळीच्या मातीत शिरणार. मातीचा कण न् कण बाहेर नेणार. पाळ आतून पोकळ होणार आणि श्रावणात तलाव तुडुंब असताना बसणार. पाळीखाली अख्ख्या गावाच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, होती. रोवणी झालेलं सगळं धान गाळाखाली गेलं असतं आणि पुढच्या वर्षी तलावच उरला नसता. पाणी कुणाला कधी द्यायचं हा शब्द गावात बाबांचा होता. म्हणजे हेही बाबांच्याच गळ्यात पडलं.

"तू लाकडाचंच शिकून आली ना?" बाबा माझ्याकडे वळून म्हणाले.

मी लाकडाचंच शिकून आले होते. सत्तरच्या दशकाचा शेवट होता. नागपूरहून वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलेली, लाकूड कुजवणाऱ्या बुरशींवर प्रबंध लिहिलेली आणि रोज एसटीनं अड्याळच्या कॉलेजात शिकवायला जाणारी मी गावातली पहिलीच. पाठीमागे लोक मला 'कुजक्या लाकडाची मास्तरीण' म्हणत. मला राग लवकर येतो. तेव्हा तर नाकावरच असायचा. बाबांनी तो प्रश्न त्या म्हाताऱ्यासमोर विचारला याचा मला इतका आनंद झाला की उत्तर देण्याआधी विचार करायचा असतो हेच मी विसरले.

म्हातारा तलावात मासे धरायचा आणि तुडूम सांभाळायचा. त्याच्या बापानंही तेच केलं होतं. मी त्याला आबाजी म्हणायचे. लहानपणी मला पोहायला त्यानंच शिकवलं, कमरेला दोर बांधून, आणि मी नाकातोंडात पाणी गेलं म्हणून त्याला शिव्या घातल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यानं उभ्या खोडाचा काडेपेटीएवढा कपचा काढून ओल्या फडक्यात बांधून दिला. मी तो डब्यात घालून एसटीत मांडीवर घेऊन बसले.

ब्लेडनं पातळ काप काढले, लाल रंगात बुडवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले. झाड उभं असतं तेव्हाही त्याचं लाकूड बहुतेक मेलेलंच असतं, हे मी दर वर्षी मुलांना सांगते आणि दर वर्षी कुणीतरी तोंड वाकडं करतं. पण खरं आहे. पाणी वर नेणाऱ्या पेशी मेल्याशिवाय नळ्या होतच नाहीत. आतला जीव जातो आणि मागे राहतात त्या भिंती. आपण ज्याला लाकूड म्हणतो ते म्हणजे या भिंती. तुडूमाच्या त्या कपच्यात भिंती जागच्या जागी होत्या. ओळी सरळ, नळ्या गोल, सगळं शाबूत. फक्त भिंती आतून खाल्लेल्या होत्या, पापुद्र्याइतक्या उरलेल्या, आणि प्रत्येक पोकळीत पाणी भरलेलं.

मी एकच गोष्ट पाहिली. कोणीतरी खातंय. आणि लाकूड खाणारं म्हणजे बुरशी, दुसरं मला येत तरी काय होतं?

प्रयोगशाळेत माझ्या बाटल्यांची रांग होती. धानाच्या पेंढ्यावर, म्हणजे तणसावर, धिंगरी अळिंबी वाढवायचा माझा उद्योग चालू होता. जी बुरशी लाकडातला चिवट भाग मोडते तीच तणसावर सोडली तर त्याचं खाण्याजोगं अन्न होतं, आणि उरलेलं तणस गुरांना पचायला सोपं जातं. आज याला मोठमोठी नावं आहेत. तेव्हा आमचे प्राचार्य त्याला 'बाईंचा सडका कोपरा' म्हणत. मी कपच्याचे दोन तुकडे केले. एक ओल्या भुशावर ठेवला. दुसरा वाळू नये म्हणून बाटलीत ठेवून वरपर्यंत पाणी भरलं. दोन्हींवर तीच बुरशी सोडली. दहा दिवसांत पहिला तुकडा पांढऱ्या धाग्यांनी झाकून गेला. पाण्यातला होता तसाच राहिला, काळा आणि स्वच्छ. मी त्या बाटलीवर चिठ्ठी लावली, 'फसला'.

ती चिठ्ठी माझ्या अक्षरात आहे. बाटली अजून माझ्याकडे आहे.

नागपूरच्या माझ्या सरांना मी पत्र टाकलं होतं, सगळं लिहून, आकृत्या काढून. उत्तर यायचं होतं. पण पाऊस दीड महिन्यावर आला होता आणि उत्तराची वाट पाहणं मला कमीपणाचं वाटलं. पाळीवर गाव जमलं तेव्हा मी ताडकन उभी राहिले आणि सांगितलं की लाकडाला बुरशी लागली आहे. बुरशीला ओल लागते. तलाव पूर्ण उपसा, तुडूम मुळापासून मोकळं करा, पंधरा दिवस कडक ऊन दाखवा. बुरशी मरेल. मग नरम भाग खरवडून गरम डांबर फासू. घराच्या वाशाला, विजेच्या खांबाला हे अगदी बरोबर आहे. माझ्या प्रबंधात सगळं हेच होतं.

लोक बाबांकडे बघत होते. बाबा माझ्याकडे. मग आबाजी उठला. तो सभेत कधी बोलायचा नाही.

"बाई," तो म्हणाला, "तुडूमाचे पाय कोरडे करायचे का?"

"म्हणजे?"

"खालचं पानी. तलाव कितीबी आटला तरी पायाशी कंबरभर पानी अन् चिखल ठेवतो आमी. माह्या बापानं कधी ते काढलं नाही."

"काहून नाही काढलं?"

"माहीत नाही. नाही काढलं."

"माहीत नाही ना? मंग मले करू द्या."

हे मी त्याला म्हणाले. ज्यानं मला पोहायला शिकवलं त्याला, चारचौघांत. दोघे-तिघे हसले. त्यानं मान हलवली आणि तो खाली बसला. बाबांनी अडकित्ता खिशात घातला आणि म्हणाले, "उपसा."

दोन दिवस माणसं बादल्यांनी पाणी उपसत होती. गाळ काढला. तिसऱ्या दिवशी सकाळी तुडूम पायापर्यंत उघडं पडलं, उभं खोड पूर्ण आणि आडवं खोड पाळीत शिरतं तिथपर्यंत, दोन वाव तरी. काळंभोर, ओलं, चकचकीत. मी हात फिरवला. वरचा दोन बोटांचा थर साबणासारखा मऊ होता, पण आत ठोकलं की टणक वाजत होतं. बायका लांबून पाया पडून गेल्या. मला फार चांगलं वाटत होतं. आबाजी तेवढा पाळीवर बसून राहिला, खाली आला नाही.

वैशाखातलं आमच्याकडचं ऊन काय असतं ते सांगायला नको. उघडं पडल्यापासून तिसऱ्या दिवशी खोडाचा काळा रंग राखाडी झाला. चौथ्या दिवशी दुपारी मी पाळीवर होते आणि खालून आवाज आला. टक्. वाळलेली शेंग फुटावी एवढाच. मी खाली उतरले. उभ्या खोडावर केसाएवढी रेघ होती. मी तिथे उभी असतानाच दुसरा आवाज आला, पायाशी.

संध्याकाळपर्यंत मी अकरा भेगा मोजल्या. वरचा मऊ थर आक्रसून पत्र्यासारखा वळायला लागला होता. मी स्वतःला सांगितलं की वाळताना लाकूड तडकतंच. रात्रभर स्वतःला तेच सांगितलं. पाचव्या दिवशी आडव्या खोडावर, अगदी पाळीच्या तोंडाशी, एक भेग होती तिच्यात माझं बोट जात होतं. ती पुढे मातीत शिरली होती. आत किती लांब गेली होती ते दिसत नव्हतं.

मी कुणाला काही बोलले नाही. हे लिहिताना आजही लाज वाटते. मी अजून तीन दिवस गप्प राहिले. चुकलं असं म्हणायला तोंड उघडेना, म्हणून लाकूड तीन दिवस जास्त वाळलं.

आठव्या दिवशी सरांचं उत्तर आलं. पोस्टकार्ड होतं, तीन ओळींचं. पाण्याखालच्या लाकडाला बुरशी लागत नाही, तिला हवा लागते. हे काम जिवाणूंचं आहे, ते फार सावकाश खातात, शंभर वर्षांत बोटभर. मात्र आतल्या भिंती आता फक्त पाण्याच्या आधारावर उभ्या असतात, तेव्हा काहीही झालं तरी वाळू देऊ नका.

सुट्टी होती, पण बाटल्या बघायला मी कॉलेजात गेले होते, कार्ड तिथंच मिळालं. कार्ड हातात घेऊन बाटल्यांच्या रांगेपुढे गेले. पाण्यातला तुकडा होता तसाच, काळा, स्वच्छ. त्यावर 'फसला'. उत्तर तीन आठवडे माझ्या टेबलावर होतं. मी ते स्वतःच्या हातानं मांडलं होतं आणि स्वतःच्या हातानं खोटं ठरवलं होतं. ज्या पाण्यानं शंभर वर्षं त्या खोडाला उभं धरलं ते मी बादल्यांनी काढून टाकलं होतं. बाटल्या तशाच टाकून एसटी पकडली. गावाच्या फाट्यापासून तलावापर्यंत पळत गेले, साडीचा काठ फाटला.

आबाजी खाली होता. त्यानं मला न विचारता ओली पोती आणून खोडावर टाकायला सुरुवात केली होती.

"पानी आना," तो वर न बघता म्हणाला.

बाबांना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. चुकले, आणि तीन दिवस लपवलं, दोन्ही. ते ओसरीवर बसून होते. अडकित्ता मिटून खाली ठेवला. मग म्हणाले, "उपसा मी म्हटलं होतं." तेवढंच. मला वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतरचे दिवस पाणी वाहण्यात गेले. बैलगाडीवर ड्रम ठेवून विहिरीचं पाणी तलावात आणायचं. आटलेल्या तलावात विहिरीचं पाणी ओतताना गावानं काय काय ऐकवलं असेल! एक जण दर फेरीला म्हणायचा, "मास्तरीणबाई, कोनतं पुस्तक हाये म्हनता हे?" मी तोंडात मारल्यासारखी चालत राहायचे. खोडाभोवती गाळ लिंपला, त्यावर तणस, त्यावर पोती, आणि ते कधीच वाळू द्यायचं नाही. रोज सकाळी आबाजी पोतं उचलून भेगेत बाभळीचा काटा घालून बघायचा. पहिल्या दिवशी प्रत्येक भेगेत काटा पूर्ण जायचा. आठवड्यानं वरच्या भेगांत अर्धाच जाऊ लागला. लाकूड पाणी पिऊन फुगत होतं. मला धीर आला. पण पाळीच्या तोंडाशी असलेली भेग तेवढी मिटेना. तिथे रोज काटा पूर्ण जायचा. तिथल्या भिंती आत कोसळल्या होत्या, आणि कोसळलेली पेशी पुन्हा पाणी पाजलं म्हणून उभी राहत नाही. हे मला आता नीट माहीत झालं होतं, उपयोग काही नव्हता.

नवीन नळी घालायची तर पाळ फोडावी लागली असती. मृग तोंडावर असताना पाळ फोडणार कोण? पळसाची मुळं कुटून वाख काढला, लाकडी होडीच्या, म्हणजे डोंग्याच्या, फटी बुजवतात तसा तो चिखलात मळून आबाजीनं त्या भेगेत ठासला, हात पुरेल तिथपर्यंत. पुढे मातीत ती किती गेली होती ते देवालाच माहीत.

पाऊस त्या वर्षी चांगला झाला. सगळं गाव खूश होतं, मी सोडून. तलाव चढत होता आणि मी रोज कॉलेजातून येताना घरी न जाता पाळीच्या बाहेरच्या अंगाला, जिथे तुडूमाचं तोंड पाटात उघडतं, तिथे जाऊन उभी राहायचे. खुंट्या सगळ्या घातलेल्या. तोंडातून थेंब थेंब पडायचा. तेवढा पूर्वीही पडायचा.

श्रावणात, रोवणी उरकून आठ दिवस झाले असतील, मी गेले तर तोंडातून बोटभर धार होती. आणि तोंडाच्या बाजूला, लाकडाबाहेर, मातीतून दुसरी.

मी आबाजीला हाक मारली. तो आला, खाली बसला, ओंजळीत पाणी घेऊन बघितलं आणि मला म्हणाला, "लोटा आन." मी लोटा आणला. मातीतून येणाऱ्या धारेखाली तो धरला, भरला आणि दगडावर ठेवला. आम्ही बाबांना बोलावलं. तिघं त्या लोट्याभोवती बसलो. थोड्या वेळानं वरचं पाणी हलकेच काढून टाकलं. बुडाशी पिवळी माती होती, नखभर जाडीची. ती तलावातली नव्हती, तलावातला गाळ काळा असतो. ती पाळीची माती होती.

"पार खाऊन राह्यलं पानी," आबाजी म्हणाला. पाळीला तो पार म्हणायचा.

पाळीवरून खालच्या बांध्या दिसत होत्या, हिरव्या, नुकत्या धरलेल्या. कुणीतरी बांधावर उभं राहून निवांत विडी ओढत होतं. मला वाटलं, त्याला ओरडून सांगावं. काय सांगणार?

"खुंट्या काढून तलाव खाली करायचा का?" बाबांनी विचारलं.

"तुडूमातून सोडलं तं धारेचा जोर वाढन. भेग अजून फाटन." आबाजीनं बंडी काढली. "आतून बुजवा लागन."

त्याचं वय सत्तरीच्या पुढे होतं. दोन पुरुष पाणी होतं त्या ठिकाणी. डोंगा उभ्या खोडाला बांधला. त्यानं स्वतःच्या कमरेला दोर बांधला, दुसरं टोक माझ्या आणि बाबांच्या हातात दिलं. "दोन झटके देल्ले तं ओढा. येकच देल्ला तं ओढू नका." वाखाचे गोळे चिखलात भिजवून त्यानं कापडात बांधले आणि पाण्यात गेला.

मी दोर धरून होते. दोर थोडा सरकला आणि थांबला. आपोआप माझाही श्वास थांबला. मी आकडे म्हणत होते, चाळीसपर्यंत पोचले तेव्हा तो वर आला, धापा टाकत. भेग सापडली होती. आधीचा वाख निघून गेला होता आणि पाणी हात ओढून नेत होतं.

दुसऱ्यांदा गेला. पन्नास. साठ. दोर ताठ होता, हलत नव्हता. मी बाबांना म्हणाले, ओढूया. बाबा म्हणाले, "झटका नाही." सत्तर. माझ्या तळहातातून दोर घसरत होता, घामानं की पावसानं कळत नव्हतं. मी रडत होते आणि मला ते कळत नव्हतं. मग एकच झटका आला. एकच दिला तर ओढू नका, त्यानं सांगितलं होतं. मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी ओठ घट्ट मिटले होते. आणि मग दुसरा.

आम्ही ओढला. तो वर आला तेव्हा त्याच्या उजव्या कोपरापासून मनगटापर्यंत सालटं निघालं होतं. हात भेगेत अडकला होता. डोंग्याच्या कडेला धरून त्यानं थोडा वेळ श्वास घेतला, मग डोक्याचा पटका सोडला, उरलेला वाख त्यात गुंडाळला आणि आम्ही काही म्हणायच्या आत तिसऱ्यांदा खाली गेला.

त्यानंतर आम्ही लोटे ठेवत गेलो. पहिल्यात माती होती. दुसऱ्यात थोडी. चौथ्यात बुडाशी बोट फिरवलं तर करकर लागली, दिसली नाही. अंधार पडायच्या आधी धरलेल्या लोट्यातलं पाणी आबाजी प्यायला. "बसलं," तो म्हणाला.

बाबा घरून घोंगडी आणायला गेले. आम्ही दोघं पाळीवर बसलो होतो. तो कुडकुडत होता, आणि हाताला मी माझा पदर फाडून बांधला होता. मला आता विचारल्याशिवाय राहवेना.

"आबाजी, तवा तुमी मले आडवलं काहून नाही?"

"इचारलं ना."

"येकदाच इचारलं. तुमाले ठाव होतं तं भांडाचं होतं."

"मले कुठं ठाव होतं?" तो म्हणाला. "मले तं फक्त करू नये येवढं ठाव होतं. काहून ते तुले ठाव असन असं वाटलं. तू शिकून आली होतीस बाई."

तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

धान त्या वर्षी चांगलं आलं. लाखांदूरच्या माझ्या मामाकडे दिवाळीला गेले तर तिथेही ती गोष्ट पोचली होती, आणि त्या गोष्टीत मी तलाव वाचवला होता. मी खोडून काढलं नाही. चार जणांत कौतुक होतंय, कोण मोडतं?

पुढे, ऐंशीनंतर काही वर्षांनी, सिमेंटची नळी आली. पाळ फोडून जुनं खोड बाहेर काढलं आणि पाळीवर टाकलं. पाण्याखाली ज्याला शंभर वर्षांत बुरशी लागली नव्हती ते एका पावसाळ्यात पांढऱ्या अळिंबीनं भरून गेलं, आणि तीन वर्षांत हातात घेतलं तर भुगा होईल असं झालं. त्या अळिंबीची बुरशी मी काढून घेतली. माझ्याकडच्या सगळ्यांत तीच तणसाला उत्तम निघाली. आजतागायत काचेच्या एका नळीतून दुसरीत ती वाढवत ठेवली आहे, आणि कितीतरी बायकांनी तिच्यावर धिंगरी पिकवली. मुलं विचारतात, मॅडम, ही कुठली? मी सांगते, आमच्या तलावाची. बाकीचं सांगत नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं, बुजवलेल्या भेगेनंतरच्या चैत्रातलं. गाव पुन्हा पाळीवर जमलं होतं. भेगेचं नीट काम करायला हवं, हे सगळ्यांना मान्य होतं. तलाव खाली उतरवला होता, तुडूमाच्या पायाशी कंबरभर पाणी होतं. पुढे काय, ते ठरायचं होतं. मागच्या वेळी हसलेले दोघे-तिघे या वेळी हसत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

आबाजी उठला. हाताची जखम भरली होती, पण दोन बोटं नीट मिटत नव्हती.

"बाई," त्यानं विचारलं, "तुडूमाचे पाय कोरडे करायचे का?"

अगदी त्याच आवाजात. मागच्या वर्षी विचारलं होतं तसंच, खरोखर विचारत होता. त्याला अजूनही वाटत होतं की मला माहीत असणार. आणि त्या वर्षभरात मी खूप वाचलं होतं. पाण्यातल्या लाकडावर तासभर बोलता आलं असतं मला, तिथल्या तिथे, आकृत्या काढून. पण हे खोड, ही भेग, आत मातीत ती किती गेली आहे, त्याचा हात जिथे अडकला तिथे काय आहे? बाबा माझ्याकडे बघत नव्हते. ते सुपारी कातरत होते, फार सावकाश.

"मले माहीत नाही, आबाजी," मी म्हणाले. "तुमी सांगा."

तो पाण्याकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "मंग पानी राहू द्या. मी बुडूनच पाहतो."

त्यानं बंडी काढून बाजूला ठेवली आणि दोराचं टोक माझ्याकडे दिलं. त्याच्या कमरेची गाठ मी बांधली.